तांडेलाच्या विमानाचा ड्रायव्हर

फहादच्या वस्तूला हात लावायचा नाही, असं विमलाने नवऱ्याला दोनदा बजावलं. एकदा जेवताना, आणि एकदा गडग्याच्या फाटकापाशी, त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून, म्हणजे मागून ऐकू आलं नाही म्हणायला जागा नको. श्रीपतीने दोन्ही वेळा मान डोलावली. मग तो राजिवड्यात मित्राच्या, गुलाम रसूलच्या माडीवर गेला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्या वस्तूच्या बुडाचे स्क्रू सोडवायला बसला.

वस्तू म्हणजे काँप्युटरवर विमान उडवायची दांडी. काळी, मुठीत भरणारी, रुंद बैठकीवर उभी. गुलाम रसूलचा मुलगा फहाद कुवेतला एसीच्या कामावर होता, त्याने ती गेल्या सुट्टीत आणली. त्याला विमानांचं वेड लहानपणापासूनचं. मिरजोळ्याच्या धावपट्टीवर कोस्ट गार्डचं विमान उतरताना दिसलं की शाळा सोडून सायकल हाणत वरच्या कातळी सड्यावर जायचा आणि घरी येऊन बापाचा मार खायचा. मोठा झाल्यावर त्याने घरातच विमान आणलं, एवढाच फरक. आता तो ईदला परत येणार होता, आणि त्याची दांडी श्रीपतीच्या मांडीवर पोट उघडून पडली होती.

दांडी बिघडली तर फहादला तोंड कसं दाखवायचं, ही विमलाची काळजी. श्रीपतीची काळजी वेगळी होती. ईद झाली की महिपतची नवी लाँच पाण्यात उतरायची होती आणि तिच्यावर अजून इंजिनाचा ड्रायव्हर ठरला नव्हता. श्रीपती स्वतः होऊन महिपतकडे गेला होता. जन्मात कधी कुणाकडे काम मागायला न गेलेला माणूस. महिपतने चहा पाजला, बायकोची चौकशी केली, आणि मग त्याच्या कानाकडे बोट दाखवून मान हलवली. तोंडाने काही बोललाही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं श्रीपतीला वाटेवर वाटत राहिलं.

महिपतचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडच्या लाँचीवर सुकाणू तांडेलाच्या हातात असतं आणि इंजिन ड्रायव्हरच्या. तांडेल वर उभा, त्याला पाणी दिसतं. ड्रायव्हर खाली, त्याला इंजिनाखेरीज काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये एक दोरी आणि दोरीच्या टोकाला घंटा. एक टोला म्हणजे पुढं, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे पाठी. तांडेलाने घंटा दिली की ड्रायव्हरने का, कशाला विचारायचं नाही. गुलाम रसूल आणि श्रीपती यांनी 'मुबारक' नावाच्या लाँचीवर अशी उभी हयात काढली. दाभोळपासून खाली जैतापूरपर्यंत एक खाडी त्यांनी सोडली नाही, आणि एवढ्या वर्षांत लाँच धक्क्याला एकदाही आपटली नाही. पण डिझेल इंजिनाच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान इंजिनच खातं. श्रीपतीचा उजवा कान पार गेला. डाव्यात जवळून मोठ्याने बोललं तर शिरे, बाकीचं तो माणसाच्या ओठांवरून उचले. पुढं 'मुबारक' मोडीत निघाली, आणि घंटा ऐकू न येणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या लाँचीवर कोण घेणार?

गुलाम रसूलही घरी बसला. तो बसला तो असा बसला की बंदराकडे पाठ करूनच. नमाजाला जायचा, बाजारात जायचा, पण धक्क्याकडे पाऊल नाही. शेवटी सुनेनेच एक दिवस त्याला माडीवर बोलावलं. महरीन काँप्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. नवऱ्याने मागं ठेवलेलं विमान कसं उडवायचं तिला येत होतं. तिने सासऱ्याच्या हातात दांडी दिली आणि म्हणाली, "अब्बा, हे तुमचं सुकाणू समजा."

समजायला काही वेळ लागला नाही. आठवड्याभरात म्हातारा असा उडवायला लागला की सून बघत राहिली. वारा आडवा आला तर किती झुकायचं, नाक किती चढवायचं, हे त्याच्या मनगटालाच ठाऊक होतं. उतरायची वेळ आली की मात्र विमान पडे. उतरताना पंखांच्या फळ्या खाली करायच्या, चाकं काढायची, इंजिन कमी करायचं, टेकल्यावर पाठी घ्यायचं, आणि ह्यातलं निम्मं काम कीबोर्डावर. त्यासाठी मान खाली घालावी लागे. गुलाम रसूल मान खाली घालीना. पुढचं पाणी सोडून हाताकडे बघणारा तांडेल लाँच बुडवतो, हे तो खलाशी होता तेव्हा शिकला होता.

"ह्या लोकांनी तांडेलालाच इंजिनात उतरवलानी," तो सुनेला म्हणाला. "असं कुठं असतं? माझ्या ड्रायव्हरला बोलाव."

महरीनला वाटलं, सासरे थट्टा करताहेत. तो थट्टा करत नव्हता. दुसऱ्या दिवशी श्रीपती माडीवर हजर झाला, आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन एका बुटक्या स्टुलावर बसला. बसला तो पडद्याकडे पाठ करून. महरीनने स्टूल फिरवायला सांगितलं तर म्हणाला, "ड्रायव्हरला पाणी कशाला दिसायला हवं?"

कीबोर्डाने मात्र दोघांची फजिती केली. श्रीपतीची बोटं जाड, नट आवळलेली. एक कळ दाबायला जावं तर तीन दबत. चाकं काढायला गेला तर भलतंच काही होऊन विमान बाहेरून दिसायला लागलं, आणि गुलाम रसूलने अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी शिवी हासडली. ती श्रीपतीला स्वच्छ ऐकू आली. वाऱ्यात दुसऱ्या होडीला हाका घालून घडलेला तो आवाज. जगात तेवढा एकच आवाज त्याला अजून पुरता ऐकू येई.

"हे इंग्रजी माझ्याने नाही जमायचं," श्रीपती म्हणाला. "मला खटके द्या. ज्या कामाचा खटका त्याच कामाचा. हाताने चाचपून कळला पाहिजे."

"कुठं मिळतात असले?"

"मिळतात कशाला? करू."

तिथून हे काम सुरू झालं. महरीनने क्लासच्या अडगळीतून एक मेलेला कीबोर्ड आणला. खाऱ्या हवेने त्याच्या निम्म्या कळा गेल्या होत्या, पण आतली पट्टी जिवंत होती. कीबोर्ड उघडला की आत पापुद्र्यासारखं प्लॅस्टिक असतं आणि एका कडेला बोटभर हिरवी पट्टी. त्या पट्टीच्या दोन रांगांतल्या कुठल्या दोन टोकांना तार लावली की कुठलं अक्षर उमटतं, ते शोधून काढायचं. महरीन पडद्यासमोर बसे आणि श्रीपती तारेचा तुकडा घेऊन टोकाला टोक लावत जाई. अक्षर उमटलं की ती बोट वर करी आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवी. चाकांचं अक्षर सापडलं तेव्हा तिने दोन्ही हात वर केले. फळ्यांचं सापडायला पुष्कळ वेळ लागला.

तारा डाख देऊन जोडायची वेळ आली तेव्हा डाख बसेना. टोकांवर काळा लेप होता, त्यावरून कथील पाण्यासारखं ओघळून जाई. श्रीपतीने दाढीच्या ब्लेडने तो लेप खरवडला, खाली तांबं लागलं, आणि मग डाख असा बसला की महरीनने ओढून बघितला तरी निघाला नाही. पेटी त्याने फणसाच्या फळीची केली. फणसाला वाळवी शिवत नाही आणि रंग असा धरतो की पॉलिशची गरज नाही. कोपरे त्याने घासून गोल केले, कारण इंजिनखोलीत टोकदार कोपरा कुणी ठेवत नाही.

पहिल्या खेपेला त्याने लाँचीच्या सवयीने खटक्याचे स्विच बसवले, खाली पाडला की चालू, वर केला की बंद. त्याचं झालं असं, की चाकांचा खटका पाडल्याबरोबर चाकं बाहेर आली, आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. बिचकलेल्या कासवासारखं विमानाचं चाललं होतं. महरीन हसून हसून खाली बसली. तिने समजावलं, काका, खटका पाडलेला राहिला की काँप्युटरला वाटतं तुम्ही कळ दाबूनच धरलीय. श्रीपतीने विचार केला आणि बाजारातून दारावरच्या घंटीची बटणं आणली. दाबली की लागतात, सोडली की सुटतात. बटण बटणासारखंच, मग चाचपून ओळखायचं कसं? एकावर त्याने सुतळी गुंडाळली, एकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणला, पाठी घ्यायच्या बटणावर पितळेची चकती चिकटवली. डोळे मिटूनसुद्धा चुकणार नाही असं काम झालं.

राहिली घंटा. गुलाम रसूल म्हणाला, मी तोंडाने सांगतो. श्रीपतीने ते मानलं नाही. तोंडाने दिलेला हुकूम शिवीसारखा लागतो आणि त्याच्यावर वाद घालावासा वाटतो. घंटेशी कोण वाद घालणार? पण घंटा त्याला ऐकू येत नव्हती. एवढं एक कोडं घेऊन तो दोन दिवस फिरला, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की ऐकू येत नसेल तर दिसेल असं करू. दांडीच्या मुठीवर, अंगठा जिथं आपोआप पडतो तिथं, एक बटण; तिथून वायर बैठकीतून खाली, आणि पेटीवर लाल बत्ती. बॅटरीचे सेल, टॉर्चचा बल्ब, काँप्युटरशी त्याचा काही संबंध नाही. आणि लाँचीवर ड्रायव्हर जसा उलटा एक टोला देऊन कळवतो की हुकूम पोचला, तशी परतीची एक हिरवी बत्ती दांडीच्या बैठकीवर, तांडेलाला दिसेल अशी, आणि तिचं हिरवं बटण श्रीपतीच्या पेटीवर. टोल्यांचा हिशेब जुनाच ठेवला; फळ्या, चाकं आणि इंजिन कमी करायला तेवढे नवे टोले ठरवले.

त्यासाठीच त्या दिवशी फहादच्या दांडीचे स्क्रू निघाले. मुठीला भोक पाडताना महरीनने तोंड फिरवलं होतं. श्रीपतीने हातड्रिल चालवलं, भुगा फुंकला, बटण बसवलं, वायर आतल्या वायरींत गुंतणार नाही अशी बाजूने घेतली आणि दांडी परत बंद केली. एक स्क्रूसुद्धा शिल्लक राहिला नाही. गुलाम रसूलने मुठीवर हात ठेवला, अंगठा बटणावर पडला आणि पेटीवर लाल उजेड एकदा लुकलुकला. श्रीपतीने हिरवं बटण दाबलं. दोघं म्हातारे बराच वेळ नुसतं एवढंच करत बसले.

त्या संध्याकाळी गुलाम रसूल कित्येक महिन्यांनी धक्क्यावर गेला. चहाच्या टपरीवर महिपत होता. काय काय बोलणं झालं ते श्रीपतीला नंतर कळलं. महिपत म्हणाला होता, तांडेल, पोरासोरांचा खेळ खेळता म्हणे हल्ली? ह्यावर गुलाम रसूलने सगळ्यांच्या देखत सांगितलं की ईदच्या दुसऱ्या दिवशी घरी ये, शीरखुर्मा खा, आणि मी आणि माझा ड्रायव्हर मिरजोळ्याच्या पट्टीवर विमान उतरवतो ते बघ. महिपतने विचारलं, ड्रायव्हर कोण? आणि उत्तर ऐकून तो हसला नाही, नुसतं "बरं" म्हणाला. ते "बरं" गुलाम रसूलने श्रीपतीला जसंच्या तसं सांगितलं. श्रीपतीला ते आठ दिवस पुरलं.

परदेशातल्या मोठमोठ्या पट्ट्यांवर ते आधीच उतरत होते. तिथं जागाच एवढी की बैलगाडी उतरवावी. पण मिरजोळ्याला लावून बघितलं आणि विमान पडलं. परत लावलं, परत पडलं. पट्टी येण्याच्या अलीकडे, सड्यावर, दगडासारखं.

महरीनने चूक हेरली. मिरजोळ्याची पट्टी आखूड, आणि तिच्या पुढं जमीन संपते. ती आखूड जागा समोर दिसली की सासऱ्यांचा अंगठा तीनदा दाबत होता: पाठी. विमान अजून हवेत असताना. लाँच अडचणीच्या धक्क्याला लावायची तर असंच करतात. लाँचीला ब्रेक नसतो, पाणी तिला पुढं नेतच राहतं, म्हणून लांबूनच इंजिन पाठी घेऊन तिचा वेग मारायचा. पण लाँच तरंगते. हवेतल्या विमानाला पाठी घेतलं की त्याला खाली काहीच नसतं. आणि श्रीपती, लाल बत्ती तीनदा लुकलुकली की, श्वास घ्यायच्या आत पितळेची चकती दाबत होता.

"एवढी घाई कसली करतोस?" गुलाम रसूल म्हणाला.

"तुम्ही हुकूम दिलात."

"दिला. पण तू जरा थांबशील की नाही?"

"थांबायचं का नाही ते तांडेलाने बघायचं. मला दिसत नाही, मी विचारत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"मग मला शिव्या घाल. माझा अंगठा ऐकत नाही माझं."

खरोखरच ऐकत नव्हता. महरीनने सुचवलं की अंगठ्यावर पट्टी बांधू; म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की तिने विषय सोडला. श्रीपतीने स्टूल फिरवून पडद्याकडे बघत बसावं, हेही तिने सुचवलं. त्याने एकदा करून पाहिलं. पडद्यावर सडा अंगावर धावून येताना दिसला आणि त्याचे हात पेटीवर गोठले. हिरवं बटणसुद्धा दाबायचं राहिलं. बघणारा ड्रायव्हर काही कामाचा नाही, असं म्हणून त्याने स्टूल परत होतं तसं केलं. ईद दोन दिवसांवर आली आणि विमान पडतच होतं. फहाद आला, बापाची गळाभेट झाली, आणि माडीवर जाऊन त्याने दांडीवरचं बटण बघितलं. वडिलांच्या मित्राला काय बोलणार? पण त्याने बोटाने ते भोक चाचपलं, आणि ते श्रीपतीने बघितलं.

ईदच्या सकाळी श्रीपती वायरचा तुकडा मागायला धक्क्यावर गेला. ओळखीचा खलाशी एका लाँचीवर होता, त्याने वर बोलावलं. श्रीपती केबिनच्या भिंतीला हात टेकून उभा होता. खाली इंजिन चालू होतं. ते त्याला कानाने नाही, तळहाताने कळत होतं, आणि चांगलं कळत होतं. तेवढ्यात हाताला एक घाणेरडा धक्का बसला, दात खाल्ल्यासारखा. कुणी नवखा ड्रायव्हर होता. पाठीचा हुकूम मिळाला आणि त्याने जोरात फिरत्या इंजिनाला तसाच गिअर मारला. श्रीपतीच्या तोंडातून आपोआप शिवी गेली. हुकूम आला म्हणून काय झालं? आधी इंजिन उतरू द्यावं, तळहात गिअरपेटीवर ठेवावा, फिरणं निवलं की मग पाठी टाकावं. हुकूम कधी द्यायचा ते तांडेलाचं. इंजिन तो कधी घेईल ते ड्रायव्हरचं. त्याला कुणी हुकूम मोडणं म्हणत नाही. जन्मभर त्याने हेच केलं होतं.

तो तसाच उभा राहिला. खलाशी वायर घेऊन आला आणि विचारू लागला, की कशाला हसताय. श्रीपतीने वायर घेतली आणि तडक निघाला. राजिवड्यात जाऊन त्याने महरीनला एवढंच सांगितलं की काँप्युटरचा तो मोठा भोंगा, जो टेबलाखाली असतो, तो माझ्या स्टुलाजवळ ठेव, आणि आवाज पूर्ण सोड. तिने त्याच्या कानाकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे बघितलं, आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माडी भरली. संध्याकाळी लाइट जाते म्हणून दुपारची वेळ. महिपत पुढच्या खुर्चीत होता, हातात शीरखुर्म्याची वाटी. फहाद भिंतीशी उभा, महरीन त्याच्या शेजारी, दारात विमला आणि घरातल्या बायका. गुलाम रसूल ईदची टोपी घालून दांडीसमोर बसला. श्रीपती त्याच्या डाव्या अंगाला, बुटक्या स्टुलावर, पडद्याकडे पाठ. मांडीवर फणसाची पेटी, डावा तळहात भोंग्यावर. विमान त्याला दिसत नव्हतं. त्याला माणसांची तोंडं दिसत होती.

उडणं सोपंच होतं. लाल बत्तीचे हुकूम आले, हिरवे जबाब गेले. इंजिन चढलं, ते त्याच्या हाताला लागलं. चाकं आत गेली, तो हादरासुद्धा लागला. समुद्रावर एक वळसा झाला असावा, कारण विमला आणि गुलाम रसूलची बायको जन्नत एकमेकींना काहीतरी दाखवत होत्या, बहुधा भगवतीचा किल्ला कुठं असेल ते. मग वळण आलं. फळ्यांचा हुकूम, सुतळीचं बटण. चाकांचा हुकूम, रबराचं बटण. इंजिन अर्धं. महिपतची वाटी तोंडाशी जाता जाता थांबली, त्यावरून श्रीपतीला कळलं की पट्टी समोर आली.

आणि लाल बत्ती तीनदा लुकलुकली. पाठी.

श्रीपतीने हिरवं बटण दाबलं. हुकूम पोचला. जबाब मिळाला की तांडेल हुकूम परत देत नसतो; दांडीवरचा अंगठा वर उठलेला त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला. त्याचं स्वतःचं बोट पितळेच्या चकतीवर होतं. नुसतं टेकवलेलं.

तळहाताखाली इंजिन एकसारखं चाललं होतं. जमिनीचं काही लागत नव्हतं.

समोर फहाद भिंतीपासून सुटला. त्याने हात पुढं केला, श्रीपतीच्या खांद्याला हलवायला, आणि महरीनने त्याची बाही धरली. महिपत शेजारच्या माणसाकडे वळला. त्याचे ओठ श्रीपतीने अक्षर न अक्षर वाचले: "बत्ती दिसलीच नाही त्याला. सांगत नव्हतो?"

श्रीपतीला दिसली होती. चकती दाबून टाकावी, हुकूम मानून मोकळं व्हावं, मग पडलं तर तांडेलाचं पडलं, असं एक क्षण त्याला वाटलंही. जन्मात हुकूम मोडला नाही म्हणून मग सांगता आलं असतं. त्याने तळहात भोंग्यावर आणखी दाबला. इंजिन, इंजिन, वारा. विमलाने तोंडावर पदर घेतला.

मग हाताला लागलं. आधी एक ठोका, मग लगेच दुसरा, आणि त्यामागून पट्टीवरून धावणाऱ्या चाकांची खरखर, दगडी वाटेवरच्या बैलगाडीसारखी. श्रीपतीने चकती दाबली आणि दाबूनच धरली. भोंगा असा गरजला की हात बधिर झाला. त्याच हाताच्या अंगठ्याने ब्रेकचं बटण. खरखर लांबत गेली, मंद झाली, तुटक तुटक झाली, आणि हाताखाली फक्त शांत इंजिन उरलं.

माडीवरची माणसं एकदम उठली. कोण काय ओरडत होतं ते श्रीपतीला ऐकू येत नव्हतं आणि त्याची त्याला गरजही नव्हती. फहादने बापाला मागून मिठी मारली होती. मग तो वळला, वाकला, श्रीपतीच्या गुडघ्याला हात लावला आणि पेटी उलटीसुलटी करून बघायला लागला, चोराने दागिना बघावा तशी. "काका," तो डाव्या कानात म्हणाला, "माझ्यासाठी अशी एक कराल? कुवेतला न्यायला."

महिपतने वाटी खाली ठेवली होती. तो पुढं आला, आणि तोही डाव्या कानाशी वाकला. आत्तापर्यंत तो त्या कानाशी कधी बोलला नव्हता. त्याने विचारलं, ही बत्ती लाँचीवर चालेल का, खाऱ्या हवेत, आणि आता नवी लाँच उतरतेय तर तू...

श्रीपतीने हात वर करून त्याला थांबवलं. "आधी इंजिन बंद करू दे."

महिपत थांबला. सगळी माणसं चहासाठी खाली निघाली होती, पण गुलाम रसूल खुर्चीवरून हलला नव्हता. दांडीवर हात तसाच, तोंड पडद्याकडे. फहादने त्याला उठवायला बघितलं तर त्याने मान हलवली. त्याला कारण होतं. लाँच धक्क्याला लागली, माल उतरला, माणसं गेली, तरी ड्रायव्हर खालून वर येईपर्यंत तांडेल सुकाणू सोडत नाही. नव्या लाँचींवर हे कुणी पाळत नाही. 'मुबारक'वर ते कधी चुकलं नव्हतं.

श्रीपतीने एकेक करून सगळं मिटवलं. फळ्या वर, इंजिन बंद. भोंगा हाताखाली गप्प झाला. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, ते काळे झालेले नव्हते तरी. मग पेटी स्टुलावर ठेवून उठला, गुडघे सरळ केले, आणि खुर्चीला वळसा घालून पहिल्यांदा पडद्यासमोर आला. मिरजोळ्याची पट्टी होती. विमान तिच्या अगदी टोकाला उभं होतं, नाकापुढं हातभर डांबर, आणि पलीकडे नुसतं आभाळ.

"एवढीशीच जागा उरली हो पुढं," तो म्हणाला.

"पुष्कळ आहे," गुलाम रसूल म्हणाला, आणि दांडी सोडून उठला.

महिपत अजून तिथंच उभा होता. श्रीपतीने डावा कान त्याच्याकडे केला.

"हां," तो म्हणाला. "आता बोल."